उलटं वाचलेलं परीक्षण

आमच्या खात्यात त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. अर्थात माघारी. समोर मी काका म्हणायचे, बाकीचे साहेब म्हणायचे, आणि संपादक मंडळी काहीच म्हणत नसत. मुद्रितशोधकाला हाक मारायची वेळ चूक छापून आल्यावरच येते, आणि काकांच्या हातून चूक सुटत नसे.

नाव पडलं ते सिनेमामुळे. चहाच्या वेळी कोणीतरी खुशीत म्हणायचं, "काल तो नवा बघितला, काय मजा आली!" काका कपावरची नजर न हलवता म्हणायचे, "उत्तरार्धात पकड सुटते." संपलं. ज्याला मजा आली होती तोच मग जरा खाकरून म्हणायचा, "हो, म्हणजे शेवटी शेवटी थोडा..." मला याचा भयंकर राग यायचा. काकांचा नाही, त्या मान हलवणाऱ्याचा. अरे, आली होती ना मजा? मग आता कुठे गेली? पण खरं सांगायचं तर मीही काही वेगळी नव्हते. तीन तारे असले की तिकीट काढायचं, दोन असले की घरी बसायचं, आणि घरी बसल्या बसल्या न बघितलेल्या सिनेमाला नावं ठेवायची. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्यात आम्ही सगळेच पटाईत.

काकांचा मात्र तो नेमच होता. गुरुवारी दुपारी शुक्रवारच्या पुरवणीचं पान तपासायला यायचं, त्यात चित्रपट परीक्षण. शुक्रवारी ते कापून फायलीत चिकटवायचे. शनिवारी तीनच्या खेळाला काकूंना घेऊन जायचे. एकतीस वर्षांत एवढ्या फायली झाल्या होत्या की त्यांच्यासाठी जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढे सरकवावं लागलं होतं. सिनेमा कादंबरीवरून असेल तर आधी कादंबरी वाचायची, मगच सिनेमा. एकदा मी त्या दोघांबरोबर गेले होते. पडद्यावर नायिकेची धाकटी बहीण तापाने फणफणलेली, काकू रुमाल मुठीत घट्ट धरून बसलेल्या, आणि काका कुजबुजले, "पुस्तकात ही मरते. इथे वाचवली आहे. ही दिग्दर्शकाची तडजोड." काकूंनी रुमालाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. त्यानंतर त्या पडद्याकडे कमी आणि बाहेर जायच्या दारावरच्या दिव्याकडे जास्त बघत होत्या.

काकू टपाल कार्यालयात खिडकीवर बसतात. पार्सलं तोलतात, शिक्के मारतात आणि दिवसभर माणसं बघतात. सिनेमातून बाहेर पडल्यावर त्या एखादीच गोष्ट सांगायच्या. "त्या डॉक्टरचे बूट किती झिजलेले होते, नाही?" काका म्हणायचे, "तुला काय कळतं? मुद्दा तो नाहीच." काकू हसून सोडून द्यायच्या. पुढे पुढे त्यांनी सांगणंही सोडलं.

त्यांना एकच मुलगी. ती सिनेमाची संकलक झाली. म्हणजे चित्रीकरणाच्या ढिगातून काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणारी. पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर यंदा तिला पहिला स्वतंत्र सिनेमा मिळाला. छोटासाच, नावाजलेला नट एकही नाही. बायको गेलेला एक म्हातारा आणि चार दिवसांसाठी घरी आलेला त्याचा मुलगा, एवढीच गोष्ट. आधी तो आमच्या शहरात एका चित्रपटगृहात आठवडाभर लागणार होता, मग दुसरा वितरक तो बाकीच्या शहरांत नेणार होता. पण त्याची अट होती: सात मिनिटं कमी करा, सोमवारी पाचच्या आत. दिग्दर्शकाला नेमकी कावीळ झाली. त्याने अंथरुणातून निरोप पाठवला, तूच ठरव. सात मिनिटांच्या जागा दोनच होत्या. एक, बापलेकाचं गाडीतलं भांडण. दुसरी, म्हातारा बायकोचं कपाट उघडून तिचे कपडे घडी करत बसतो तो प्रसंग. मुलीने दोन्ही शेकडो वेळा बघितले होते आणि आता तिला काहीच सुचत नव्हतं.

म्हणून तिने बापाकडे एक गोष्ट मागितली. "बाबा, हा एक सिनेमा काही न वाचता बघा. मीही परीक्षण वाचणार नाही. बघून झालं की कुठलं काढू ते सांगा. पण तुम्हाला काय वाटलं ते. पेपरला काय वाटलं ते नको."

काकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हातातली फूटपट्टी नुसती गोल गोल फिरवत होते. आमची टेबलं समोरासमोर. चौदा वर्षांत त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी तीनदा चष्म्याच्या काचा पुसायचं फडकं हरवलं. मध्येच उठून खिडकीपाशी जायचे, परत यायचे, तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

"काहीच न वाचता बघायचं म्हणजे नक्की काय करायचं गं?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"डोळे उघडे ठेवायचे," मी म्हटलं.

"चेष्टा करू नकोस. आधी कळल्याशिवाय कुठे बघायचं हे कसं कळणार?"

मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. माणूस एकतीस वर्षं पोहण्यावरची पुस्तकं वाचत होता आणि आता कोणीतरी त्याला पाण्यात ढकलत होतं.

आमचं ठरलं की गुरुवारचं परीक्षणाचं पान मी तपासायचं आणि त्यांनी हवामान नि बाजारभाव बघायचे. सगळं सुरळीत झालं असतं, पण माझी दाढ आडवी आली. गुरुवारी दुपारी अडीचपर्यंत माझा अर्धा चेहरा ठणकायला लागला. मी पानावरचं मोठं शीर्षक आणि कलाकारांच्या नावांची चौकट तेवढी तपासली आणि उठले. "काका, मजकूर दुसऱ्या कोणाला तरी द्या," असं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे पळाले. दुसरं कोण होतं? दोघे रजेवर, एक बातम्यांच्या पानावर अडकलेला. पान चार वाजता छापायला जायचं होतं. मी दाढेपुढे याचा विचारच केला नाही, आणि त्याची बोचणी मला अजून आहे.

मुद्रितशोधकांची एक जुनी युक्ती असते. मजकूर उलटा वाचायचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, एकेक शब्द सुटा करून. सरळ वाचलं की अर्थ तुम्हाला पुढे ओढतो आणि चूक नजरेतून निसटते. उलटं वाचलं की अर्थ लागतच नाही, नुसती अक्षरं दिसतात. काकांच्या सख्ख्या भावाच्या निधनाची बातमी तपासायला आली होती, तेव्हा त्यांनी ती अशीच उलटी वाचली होती. त्या बातमीत एकही चूक राहिली नव्हती.

त्या गुरुवारी त्यांनी तेच केलं. शीर्षकावर सिनेमांची नावं आणि तारे असतात, म्हणून त्यावर आणि चौकटीवर कोरे कागद ठेवले. आमचे समीक्षक मजकुरात सिनेमाचं नाव पुन्हा लिहीत नाहीत, नुसतं 'हा चित्रपट' म्हणतात, त्यामुळे ती धास्ती नव्हती. फूटपट्टी खालून वर सरकवत काकांनी पान संपवलं आणि स्वतःची समजूत घातली की आपण वाचलं नाही, तपासलं.

पण शब्द काही मुके नसतात. खालच्या अर्ध्या भागातून 'रेंगाळतो' वर आला. मग 'जांभई'. मग 'कात्री', आणि त्याच्या मागोमाग 'संकलकाची'. त्या आठवड्यात परीक्षणात दोन सिनेमे होते, एक मोठ्या नटांचा आणि एक मुलीचा. मोठा वर आणि छोटा खाली, हे काकांना विचार करूनही ठरवावं लागलं नाही. एकतीस वर्षं तसंच चाललं होतं. तेच शब्द डोक्यात घोळत राहिले आणि वरच्या अर्ध्या भागात त्यांनी नुसत्या वेलांट्या नि अनुस्वार बघितले.

शुक्रवारी संध्याकाळी सहाचा खेळ. मुलगी आईबापांच्या मध्ये न बसता दाराजवळ उभी होती, लोकांचे चेहरे दिसावेत म्हणून. काका नि काकू पुढच्या रांगेत शेजारी शेजारी आणि मी त्यांच्या बरोबर मागे, गाल सुजलेला, तोंडात बोळा. मी सकाळी घरी पेपरात परीक्षण वाचलं होतं आणि मला गप्प बसणं जड जात होतं. पण बापलेकीचा करार मला ठाऊक होता, त्यामुळे मूग गिळून बसले. पान दुसऱ्याच कोणीतरी तपासलं असेल अशीच माझी समजूत होती.

काका एक मिनिट स्थिर बसत नव्हते. चष्मा वर, चष्मा खाली. पाय बदल, घड्याळ बघ. शेजारचा माणूस दोनदा खेकसला. आता मला कळतं, ते सिनेमा बघतच नव्हते. ते शोधत होते, रेंगाळतो तो कुठे? गाडीतलं भांडण आलं. बापलेक एकमेकांना हवं ते बोलले, लोक हसले, मध्येच गप्प झाले. इथे काही रेंगाळत नव्हतं.

मग कपाट आलं. म्हातारा एकेक कपडा काढतो आणि पलंगावर घडी करून ठेवतो. कोणी बोलत नाही, संगीतही नाही. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासतंय तेवढा आवाज. मग एक स्वेटर निघतो. त्याला स्वेटरची घडी जमत नाही. बाही आत दुमडली की दुसरी बाहेर येते. तो पुन्हा उलगडतो, पुन्हा घालतो. शेवटी तो स्वेटर तसाच मांडीवर घेऊन बसतो.

काका हलायचे थांबले होते. हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही, आधी मला नुसतं शांत वाटलं. मग मी बघितलं, त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि अंधुक दिसत असूनही ते पडद्याकडेच बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मी पटकन मान फिरवली. थोरल्या माणसाला रडताना बघू नये असं मला वाटतं.

दिवे लागले. बाहेर मुलगी धावत आली. "बाबा?"

"उद्या सांगतो," काका म्हणाले. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता.

काकू म्हणाल्या, "ते कपड्यांचं फार छान होतं गं."

"आई, तुला सगळंच छान वाटतं," मुलगी म्हणाली, लाडानेच म्हणाली, आणि पुन्हा बापाकडे बघायला लागली. काकू आम्हा सगळ्यांच्या छत्र्या गोळा करायला लागल्या.

पुढचं मला सोमवारी कळलं. काका आल्या आल्या खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभे राहिले. दोन दिवस झोप न झालेला चेहरा.

"सांगितलं मी तिला," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी. कपड्यांचा प्रसंग रेंगाळतो, कात्री तिथेच लाव म्हटलं. इतकी खूश झाली! म्हणाली, बाबा, पहिल्यांदा तुम्ही तुमचं तुमचं बोललात. काल काढून टाकलं तिने."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काहीतरी गडबड झाली. "कपड्यांचा? काका, अहो, तुम्ही तर..." मला रडण्याचं बोलवेना. "तुम्हाला खरंच तो लांबलेला वाटला?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही. समीक्षकानेही तेच लिहिलंय ना."

"म्हणजे तुम्ही वाचलंत?"

"वाचलं नाही. उलटं तपासलं."

मी शुक्रवारची पुरवणी ओढली आणि त्यांच्यापुढे आपटली. रागच आला होता मला, त्यांचा, माझा, त्या मेल्या दाढेचा. "आता सरळ वाचा!"

त्यांनी सवयीने पहिल्या ओळीखाली फूटपट्टी धरली. वरच्या अर्ध्या भागात मुलीचा सिनेमा होता, चार तारे. समीक्षकांनी लिहिलं होतं की म्हातारा कपडे घडी करतो ती सात मिनिटं पूर्ण ठेवण्याचं धाडस ज्याने केलं त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते. रेंगाळणं, जांभई आणि संकलकाची हरवलेली कात्री हे सगळं खाली होतं, मोठ्या नटांच्या सिनेमाबद्दल. काकांनी ते दोनदा वाचलं. मग पुरवणी काखेत मारली आणि जिन्याकडे चालू लागले. मी मागोमाग धावले. खात्यात कोणी राहिलंच नाही, पण त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मुलीची संकलनाची खोली चार गल्ल्या सोडून, एका छपाईच्या दुकानावर. काळे पडदे, दोन पडद्यांचं यंत्र, कोपऱ्यात थंड झालेली कॉफी. आम्ही दोघे धापा टाकत आत शिरलो तशी ती घाबरून उठली. "आई बरी आहे ना?"

"तो प्रसंग परत लाव," काका म्हणाले. "कपड्यांचा. भांडण काढ."

"सकाळीच पाठवला मी सिनेमा. पाचपर्यंत बदलून देता येईल म्हणा, पण..." तिची नजर त्यांच्या काखेतल्या पुरवणीवर गेली. चेहरा हळूहळू उतरला. "बाबा, हे तुम्ही म्हणताय की पेपर म्हणतोय?"

काकांनी पुरवणी पाठीमागे लपवली, शाळेतल्या पोरासारखी. मग त्यांनी सगळं सांगितलं. पान, उलटं वाचणं, वर काय आणि खाली काय. काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत होती.

"म्हणजे शनिवारीही पेपरच बोलत होता," ती म्हणाली. "आणि आजही."

"नाही गं. आवडला होता मला तो. शुक्रवारीच."

"आता चार तारे बघितल्यावर कोणीही म्हणेल."

मला राहवलं नाही. "मी मागे बसले होते. रडत होते ते. चष्मा काढून."

मुलीने बापाकडे बघितलं. "मग शनिवारी असं का सांगितलंत?"

काकांनी पाठीमागची पुरवणी पुढे आणून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलं, माझंच चुकलं असेल."

मुलीला राग आला होता की रडू, तिलाच कळत नसावं. एकदा ती यंत्राकडे वळली, पुन्हा आमच्याकडे. "मी काय करू आता? तुमच्यावर विश्वास ठेवू, की त्या समीक्षकावर, की माझ्यावर? मला स्वतःलाच काही कळत नाहीये!" मग तिने एकाएकी फोन उचलला आणि नंबर लावून टेबलावर ठेवला. काकूंचा आवाज खोलीभर आला, मागे शिक्क्यांची धपधप.

"आई, शुक्रवारी तुला कपड्यांचा प्रसंग आवडला म्हणालीस. का आवडला?"

"आत्ता? अगं, माझ्यापुढे रांग लागली आहे."

"सांग ना. महत्त्वाचं आहे."

शिक्का थांबला. "त्याला त्या बाहीची घडी येत नव्हती ना," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तीच करत असणार. तिथे मला वाटलं, मी गेले की यांचंही असंच होईल. कपाटापुढे बसतील आणि कसं ठेवायचं ते विचारायला कोणी नसेल. बाकी मला काही कळत नाही बाई त्यातलं."

मुलीने डोळे पुसले नाहीत. ती यंत्रापुढे बसली, काढलेली सात मिनिटं शोधली आणि ती जागेवर लावायला घेतली. भांडण उचललं आणि बाजूला ठेवलं.

काका फोनवर वाकले. "अगं," ते म्हणाले, "मलाही तिथेच..."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "शेजारीच बसले होते मी."

"मग शनिवारी मी तिला भलतंच सांगत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कधी?" काकूंच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. मग तिकडून "हं, पुढचे कोण?" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.